मदत हवी आहे: भातातला काळा-केशरी किडा आणि अंगावर फोड उठवणारा किडा एकच का?

आमचं भात संगमेश्वर तालुक्यात. लोंब्या बाहेर पडल्यात आणि तपकिरी तुडतुडे दिसायला लागलेत. परवा भाताचं चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) बाजूला करून बघताना बुंध्याशी एक किडा धावताना दिसला. लांबीला तांदळाच्या दाण्याएवढा. डोकं काळं, मान केशरी, मध्ये निळी चकाकती पट्टी, पुन्हा केशरी, शेपटाचं टोक काळं. बोट जवळ नेलं की शेपूट विंचवासारखं उचलतो. तोंडात तुडतुड्याचं पिल्लू धरलेलं मी स्वतः पाहिलं.

असाच किडा रात्री पडवीतल्या ट्यूबलाईटखाली येतो. गेल्या आठवड्यात मुलीने झोपेत मानेवर काहीतरी चिरडलं. सकाळी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लांबट लाल चट्टा, मग पाण्याचे फोड, नुसती आग. आई म्हणाली, कोळी मुतला. दवाखान्यात आधी नागीण सांगितली. पण कोपराच्या घडीतही समोरासमोर दोन चट्टे उठलेत, नागीण अशी उठते का?

शेजारचे काका म्हणतात, फवारून टाक, दोन्ही मरतील. तुडतुडे खाणारा किडा मारायला मन होत नाही, पण पोरीची मान बघितली की राहवतही नाही. फोटो हलला आहे, वर्णनावरून कुणी ओळखेल का?

प्रतिसाद १
दादा, त्या निळ्या पट्टीकडे नीट बघा. ते त्याचे पुढचे पंख, आखूड, पोट उघडंच ठेवणारे. उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून असतात. पंख असे आखूड असतील तर हा पेडेरस नावाचा भुंगेरा, भातात सापडणारा बहुधा पेडेरस फ्युसिपेस. जातीची पक्की खात्री मात्र फोटोवरून होत नाही, त्यासाठी नर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. भातात ओफिओनिया नावाचा भुंगेराही असाच तांबडा-निळा दिसतो, पण त्याचे पंख जवळजवळ सगळं पोट झाकतात. तोही मित्रकीटकच.

प्रतिसाद २
ताईंचं बरोबर आहे. आणि तो चावत नाही, डंखही मारत नाही. चिरडला की त्याच्या रक्तातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. ते मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करतात. फोड एक-दोन दिवसांनी उठतात, म्हणून किड्यावर संशय जात नाही. कोपराच्या घडीत एका बाजूचं विष दुसऱ्या बाजूला लागतं, तुमचे समोरासमोरचे चट्टे तेच. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चोळू नका, ती जागा लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि किड्याचं आवर्जून सांगा. फवारणीआधी पाच-सहा ठिकाणी चुडातले तुडतुडे मोजा आणि कृषी सहाय्यकांना आकडा सांगा. सरसकट फवारलंत तर आधी हे मरतील आणि तुडतुडे पुन्हा वाढतील.

धागाकर्ता
आज भिंगातून बघितलं. पंख आखूडच आहेत, पोट उघडं. पडवीतला दिवा अंगणाच्या कडेला हलवला, मुलीच्या अंथरुणावर मच्छरदाणी लावली. काकांना बांधावर नेऊन तो किडा दाखवला, त्यांनीही तुडतुडा धरताना पाहिला. उद्या सकाळी दोघं मिळून चूड मोजणार आहोत. कापणीनंतर हे किडे घराकडे जास्त येतात का?

प्रतिसाद २
हो, शेतातला आसरा गेला की दिव्यांकडे वळतात. कापणीच्या आठवड्यात खिडक्यांना जाळी लावाच.