मदत हवी आहे: लेकीचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), बडोदा

आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक, आता बडोद्यात. पुढच्या महिन्यात लेकीचा स्नानसंस्कार आहे. शेजारच्या दांडिया बाजारातल्या मावशींनी बाळंतपणात मला आईसारखं सांभाळलं, म्हणून त्याच धर्ममाता (गॉडमदर) व्हाव्यात असं फार वाटत होतं. पण धर्ममाता दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा चर्चमधला संस्कार) झालेली कॅथलिकच लागते, वयाची 16 वर्षं पूर्ण झालेली. नियम पटतो, बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी तिच्यावर असते. तरी मन हळहळतं.

बाळाच्या डोक्यावर पाणी ओतल्यानंतर घालायचं पांढरं झबलं मावशींनी शिवलं तर चालेल ना? पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात, तेव्हा त्यांना जवळ उभं करता येईल का? आणि सासूबाईंसाठी विधीतल्या वचनांचा मराठी मजकूर कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. विधी गुजरातीत आहे.