'रिअ‍ॅलॉक नकोच' असा सल्ला देणं थांबवा

खालचा_थर:
'रिअ‍ॅलॉक म्हणजे हमखास बग. नवा ब्लॉक मॅलॉकने घ्या, मेमकॉपी करा, जुना फ्री करा, विषय संपला,' अशी पोस्ट सकाळपासून फिरते आहे आणि लोक माना डोलावताहेत. (सी भाषेत मॅलॉक मेमरीचा ब्लॉक देतो, मेमकॉपी त्यातला मजकूर उतरवतो, फ्री ब्लॉक परत करतो आणि रिअ‍ॅलॉक घेतलेल्या ब्लॉकचा आकार बदलतो, गरज पडली तर तो हलवून.) विषय संपत नाही, तिथून सुरू होतो.

हाताने कॉपी करायची तर जुना आकार जपून ठेवावा लागतो. वाढवताना मेमकॉपीला नवा आकार दिलात की जुन्या ब्लॉकच्या हद्दीबाहेरचं वाचलं जातं. लहान करताना जुना दिलात की नव्याच्या बाहेर लिहिलं जातं. म्हणजे दोघांतला लहान आकार घ्यायचा, आणि रिअ‍ॅलॉक नेमकं तेच करतो. शिवाय शेजारचा तुकडा मोकळा असेल तर ब्लॉक जागच्या जागी वाढतो. जीलिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) १२८ केबीच्या पुढचे ब्लॉक सहसा एममॅपने, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून, येतात (ही मर्यादा चालत्या प्रोग्रॅममध्ये आपोआप वर सरकू शकते). ते वाढवताना एमरीमॅप फक्त पेज टेबलच्या (कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे याच्या) नोंदी हलवतो, मजकूर कॉपी करत नाही. ५०० एमबीचा बफर तुमच्या पद्धतीने वाढवा: कॉपी संपेपर्यंत जुना आणि नवा, दोन्ही मेमरीत बसवावे लागतील.

खरी चूक एकाच ओळीत असते: पी = रिअ‍ॅलॉक(पी, एन). पी हा ब्लॉकचा पत्ता ठेवणारा पॉइंटर, एन हा नवा आकार. मेमरी मिळाली नाही तर नल (रिकामा पॉइंटर) परत येतो. जुना ब्लॉक तसाच असतो, पण त्याचा पत्ता तुम्ही स्वतःच पुसलेला असतो. निकाल आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही हे बघा, मग पी बदला.

सावधपणे:
एवढ्याने भागत नाही. ब्लॉकच्या आत रोखलेल्या बाकीच्या पॉइंटरांचं काय? ॲरेतल्या नोड्सनी एकमेकांचे पत्ते साठवले असतील, तर ब्लॉक हलला की सगळे निकामी. छोट्या टेस्टमध्ये ब्लॉक हलत नाही म्हणून सगळं हिरवं दिसतं आणि खऱ्या लोडवर क्रॅश होतो. हाताने कॉपी केली की पत्ता दर वेळी बदलतो, चूक लवकर उघडी पडते. ती पोस्ट तुम्ही नीट वाचलेली नाही.

खालचा_थर:
वाचली, दोनदा. चूक उघडी पाडायला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आहे. त्याचा रिअ‍ॅलॉक दर वेळी नवाच ब्लॉक देतो. आणि पत्ते साठवताच कशाला? इंडेक्स (ॲरेतला क्रमांक) साठवा. पॉइंटर ठेवायचाच असेल तर ऑफसेट (ब्लॉकच्या सुरुवातीपासूनचं अंतर) रिअ‍ॅलॉकच्या आधी काढा. नंतर जुन्या पॉइंटरची वजाबाकी करणंसुद्धा सीच्या नियमांत बसत नाही.

विषम:
तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. लोक दर वेळी १६ बाइटांनी वाढवतात! १ एमबीपर्यंत जायला ६५,५३६ फेऱ्या होतात, आणि दर वेळी ब्लॉक हलला तर एकूण कॉपी साधारण ३२ जीबी. गुणोत्तराने वाढवा, आणि तेही दीडपटीने. दुपटीत आधी सोडलेल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज नव्या ब्लॉकला कधीच पुरत नाही. दीडपटीत १६, २४, ३६, ५४ सुटले की १३० बाइट मोकळे होतात. चालू ब्लॉक ८१ चा, पुढचा हवा १२२ चा. बसला.

सावधपणे:
कागदावर बसला. प्रत्येक तुकड्याचं हेडर (त्याच्या आकाराची वगैरे नोंद), १६ बाइटांचं अलाइनमेंट (पत्ता १६ च्या पटीत ठेवणं) आणि मध्येच दुसऱ्या कोणी घेतलेली जागा धरली का? ते तुकडे सलग राहतील याची हमी कोण देतो? दुपटीत १६ पासून १ एमबीपर्यंत १६ वेळा वाढवावं लागतं, दीडपटीत २८ वेळा.

विषम:
आणि दुपटीत निम्मा ब्लॉक रिकामा पडून राहू शकतो, तो हिशेब कोण देणार? एकाच वेळी हजारो बफर उघडे असतील तर हा वाया जाणारा भाग मोजून बघा, मग बोला.

कर्नलकर:
हा वाद लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) आणू नका, तिथे तो लागूच होत नाही. केमॅलॉकच्या (कर्नलच्या मॅलॉकच्या) बकेटा, म्हणजे ठरलेले आकार, सहसा ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ अशा, आणि पुढे फक्त दुपटी. स्लॅबमध्ये (एकाच आकाराच्या तुकड्यांच्या साठ्यात) शेजारचे मोकळे तुकडे जोडून मोठा तुकडा होत नाही, म्हणून विषम यांची १३० ची बेरीज तिथे निरर्थक. २८८ मागितले तर ५१२ ची बकेट मिळते. मग ४३२ मागितले तर केरिअ‍ॅलॉक तोच पत्ता परत देतो.

आता मूळ प्रश्न. वाचणारे दुसऱ्या सीपीयूवर आरसीयूखाली (लॉक न घेता वाचण्याची कर्नलमधली पद्धत) असतील तर तिथे रिअ‍ॅलॉक चालणारच नाही. ब्लॉक हलला तर जुना लगेच सुटतो आणि वाचणारा सुटलेल्या मेमरीत फिरतो. नवा ब्लॉक घ्या, कॉपी करा, आरसीयू-असाइन-पॉइंटरने प्रसिद्ध करा (वाचणाऱ्यांना नवा पत्ता दाखवा), जुना केफ्री-आरसीयूच्या हवाली करा; जुने वाचणारे संपले की तो सोडतो. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या आणि पासवर्डांचंही तसंच: ब्लॉक हलताना जुनी प्रत न पुसता सुटू शकते, म्हणून स्वतः कॉपी करून जुनी केफ्री-सेन्सिटिव्हने (आधी पुसून मग सोडणाऱ्या फ्रीने) सोडा.

खालचा_थर:
आरसीयू आणि किल्ल्या, दोन्ही मान्य. 'नकोच' हे तरीही मान्य नाही.

सावधपणे:
मग आकार शून्य आला तर काय करता तेही सांगा. जीलिबसी ब्लॉक फ्री करून नल देतं. 'नल आला म्हणजे अपयश' असं समजून जुना पुन्हा फ्री केलात की दुहेरी फ्री. बीएसडीत (युनिक्स कुळातल्या सिस्टिम्स) नल येत नाही. सी भाषेच्या सी२३ मानकाने तर हे वर्तन अनिर्धारितच (अनडिफाइन्ड) ठरवलं. तुमच्या आदर्श कोडमध्ये ही तपासणी कुठे आहे?

खालचा_थर:
नव्हती. असायला हवी होती. शून्य असेल तर रिअ‍ॅलॉकला हात न लावता सरळ फ्री करा आणि पॉइंटर नल करा. संख्या गुणिले आकार असा गुणाकार असेल तर रिअ‍ॅलॉक-ॲरे वापरा, ओव्हरफ्लो झाला (उत्तर मावलं नाही) तर तो नल देतो. जीलिबसीत आवृत्ती २.२६ पासून आहे, ओपनबीएसडीत त्याआधीपासून.

विषम:
दीडपटीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. यूजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये), १२८ केबीच्या खाली, आकडे घेऊन या.

सावधपणे:
हेडर आणि अलाइनमेंट धरून तुम्हीच आधी मांडा.