गोळ्यांचे दिवस मोजून बघा

मान-खांदे आखडून डोकं धरलं की लगेच गोळी घ्यावी, अंगावर काढू नये, असा सल्ला वाचला. क्वचित ठीक, पण एरवी मला पटत नाही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, अशी ३ महिन्यांहून अधिक काळ घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. कॅफीन वगैरे मिसळलेल्या गोळ्यांच्या बाबतीत त्यासाठी महिन्यातले १० दिवसही पुरतात.

मी या चक्रात अडकले होते. डॉक्टरांनी कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या तेव्हा दिसलं, महिन्यात १९ दिवस गोळी! त्यांच्या सल्ल्याने बंद केल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला, हे आधीच सांगते. तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि कवटीच्या खालच्या कडेला अंगठ्यांनी हलका दाब, एवढाच आधार होता.