न्यूफाउंडलंड: फोगो बेट की फ्रान्सवे? फेरीच्या प्रवासाबद्दल मदत हवी आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोत असतो. येत्या उन्हाळ्यात आईबाबा भारतातून येणार आहेत. नायगारा, मॉन्ट्रियल वगैरे मागच्या खेपेला झालंय. बाबांची अख्खी नोकरी कोकणातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत, डिझेलचा कोटा आणि बर्फाची बिलं लिहिण्यात गेली. समुद्र दिसला की ते देखावा बघत नाहीत, धक्का कुठे आहे ते विचारतात. म्हणून यंदा कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, तेही फेरीबोटीनेच जाता येईल अशा एखाद्या कोळी वस्तीत दोन-तीन रात्री राहावं असं घाटतंय.

आतापर्यंतच्या वाचनातून दोन नावं उरलीत. एक फोगो बेट, उत्तर किनाऱ्यावरचं. दुसरं फ्रान्सवे. हे खरं तर बेट नव्हे, दक्षिण किनाऱ्यावर डोंगराच्या कुशीतलं गाव आहे, पण रस्ता नाही, बोटीशिवाय पोचता येत नाही. फोटो पाहून मन फ्रान्सवेकडे ओढ घेतंय. फोगोवर ते काचेच्या भिंतींचं महागडं हॉटेल आहे, त्यामुळे तिथे सगळा शहरी पाहुण्यांचाच राबता असेल का, अशी शंका येते.

फेरीचं आरक्षण मिळतं का? गाडी नेता येते का? बोट रद्द झाली तर परतीच्या विमानाचं काय करायचं? आई शाकाहारी आहे, तिचं कसं जमेल? आणि एक प्रश्न जरा अवघड आहे. शे-दोनशे वस्तीच्या गावात आपण कॅमेरे घेऊन उतरायचं, लोकांच्या दारात उभं राहायचं, हे त्यांना कसं वाटतं? आमच्या गावच्या बंदरावर शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या बघून बाबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून विचारते.

उत्तरवारा

सेंट जॉन्सच्या (न्यूफाउंडलंडची राजधानी) मेमोरियल विद्यापीठात शिकलो, फोगोला बऱ्याचदा जाणं झालं. तुमच्या बाबांसाठी फोगोच. कारण पुढे सांगतो, आधी फेरी.

गँडर विमानतळावरून फेअरवेल नावाचा धक्का गाडीने तास-सव्वा तासावर आहे. (सेंट जॉन्सला उतरलात तर गँडर आणखी सव्वातीनशे किमी.) फेअरवेलहून फोगोला थेट बोट पाऊण तासात जाते, वाटेत चेंज आयलंड्सला थांबली तर सव्वा तास. आरक्षण नाही. जो आधी रांगेत तो आधी बोटीत. जुलै-ऑगस्टमध्ये दोन तास आधी पोचून रांगेत गाडी लावायची. गाडी न्याच. बेट सुमारे २५ किमी लांब आहे आणि टिल्टिंग, जो बॅट्स आर्म, सेल्डम अशी गावं विखुरलेली आहेत.

ही रांग तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी जोडलेली आहे बरं का. बेटावरच्यांना तुमच्या कॅमेऱ्याचं फारसं काही वाटत नाही. त्यांना खुपतं ते हे, की पाहुण्यांच्या गाड्यांनी बोट भरते आणि डॉक्टरकडे निघालेला माणूस धक्क्यावर राहतो. तेव्हा सुट्टीला जोडून, शुक्रवारी संध्याकाळी वगैरे जाऊ नका. मधल्या वारी जा.

गोडबोल्या

इतक्या लांब जाऊन मासळीचाच वास घ्यायचा तर दाभोळ काय वाईट? (हलके घ्या.)

वल्हव_रे

गोडबोल्या, थंड पाण्यातल्या मासळीला तेवढा वास नसतो, जाऊन बघ एकदा.

निळीशाई, फ्रान्सवेबद्दल मी सांगते. दक्षिण किनाऱ्यावरच्याच बर्जिओ गावाहून बोट सुटते. फक्त माणसं, गाडी नाही. मध्ये ग्रे रिव्हरला थांबत साधारण चार तास. आपल्याकडच्या मुक्कामाच्या एसटीसारखं आहे: बोट सकाळी गावातून निघते आणि दुपारची परत येऊन तिथेच झोपते. म्हणजे बाहेरच्याला एक रात्र तरी काढावीच लागते, आणि रोज बोट असेलच असं नाही. गावात रस्ते नाहीत, लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, वस्ती शंभराच्या आत. सुंदर आहेच. पण बर्जिओसुद्धा हमरस्त्यापासून दीडशे किमी आत, मध्ये जवळजवळ काही नाही. ज्येष्ठ माणसांना घेऊन, हातात मोजके दिवस असताना मी हा घाट घालणार नाही. बोट अडकली तर अडकलात.

शिवाय अशी गावं बघायला जाताना एक लक्षात असू द्या. १९५४ ते १९७५ या काळात सरकारी योजनांखाली तीनशेच्या आसपास वस्त्या उठल्या, सुमारे तीस हजार माणसं हलली. काहींनी तर घरंच्या घरं पाण्यावर तरंगवत खाडीपलीकडे नेली. आजही गावाने मत देऊन उठून जाण्याची सोय आहे. आधी नव्वद टक्के मतं लागायची, आता पंचाहत्तर. घरटी अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळतात. लिटल बे आयलंड्स या गावाची वीज आणि फेरी २०१९च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. अशा ठिकाणी "तुम्ही इथे अजून का राहता?" हा प्रश्न गप्पांची सुरुवात म्हणून विचारू नये. शेजाऱ्याने एक मत दिलेलं असतं, यजमानाने दुसरं.

निळीशाई

उत्तरवारा, बाबांसाठी फोगोच का, ते राहिलं. आणि त्यांना मासळी उतरवताना, कारखाना वगैरे बघता येईल का?

उत्तरवारा

सहकारी संस्था, म्हणून.

१९६० च्या दशकात फोगोही उठणाऱ्यांच्या यादीत जाईल अशी चिन्हं होती. बेटावर दहाएक वस्त्या, कोणी कॅथलिक, कोणी अँग्लिकन, एका गावाचं दुसऱ्याशी बोलणं बेताचंच. १९६७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो विद्यापीठाच्या मदतीने तिथे गेले. लोकांना बोलतं करून त्यांनी २७ छोट्या फिल्म केल्या आणि त्या बेटावरच गावोगाव दाखवल्या. या गावच्या माणसाने पडद्यावर त्या गावच्याला तीच तक्रार करताना पाहिलं. पुढे त्या सेंट जॉन्सच्या मंत्र्यांनाही दाखवल्या. फिल्ममुळे बेट वाचलं असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, लोकांची सभा-समित्यांची धडपड आधीपासून चालू होती. पण त्याच सुमारास सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवात मोठ्या बोटी बांधण्यापासून, मग मासळीवर प्रक्रिया. ते कारखाने आजही सभासदांच्या मालकीचे आहेत.

मग २ जुलै १९९२ ला कॉड या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीवर बंदी आली. प्रांतात तीस हजारांवर लोकांचा रोजगार गेला. फोगोवाले खेकडा आणि कोळंबीवर तगले. उत्तरेकडच्या कॉडची बंदी उठायला २०२४ उजाडलं. तुमच्या बाबांनी संस्थेचे ताळेबंद लिहिलेत, त्यांना यातलं नेमकं काय विचारायचं ते आपल्यापेक्षा जास्त कळेल.

कारखान्यात मात्र कोणालाही आत सोडत नाहीत, अन्नप्रक्रियेचे नियम आहेत. आधी कार्यालयात फोन करून "वडील सहकारी संस्थेत होते" एवढं सांगा, मग बघा. धक्क्यावर उभं राहायला कोणाची हरकत नसते, बोट लागताना फक्त मधे यायचं नाही. पाण्यावर खांबांवर उभ्या लालसर लाकडी खोल्या दिसतील, त्यांना स्टेज म्हणतात. त्या फोटोसाठी रंगवलेल्या नाहीत, तिथे मासळी कापून साफ करतात. दार उघडं असलं तरी हाक मारून, विचारून आत जा. बहुतेक जण चहालाच बसवतात.

हॉटेलचं म्हणाल तर ते २०१३ चं, २९ खोल्यांचं. मूळ फोगोच्याच झीटा कॉब यांच्या पुढाकारातून झालेलं, नफा बेटाच्या कामात परत जातो. नाकं मुरडण्यासारखं काही नाही. परवडत नाही, एवढंच. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, आईंचाही प्रश्न सुटेल. बटाटे, गाजर, सलगम, कोबी दुकानात मिळतात. डाळ-तांदूळ, मसाले टोरांटोहून न्या.

वल्हव_रे

महिना कोणता ठरतोय? हिमनग बघायचे तर मे-जून, पण तेव्हा लॅब्राडोरकडून वाहत येणारा बर्फ आणि धुकं फेरीला दगा देऊ शकतं. खेकड्याच्या बोटी जूनपर्यंत जोरात असतात. जुलैत कॅपलिन हा छोटा मासा किनाऱ्यावर येतो, त्याच्यामागे देवमासे. ऑगस्टच्या शेवटी बेरी आणि कॉड. घरापुरता कॉड धरायची मुभाही उन्हाळ्यात ठरावीक काळात असते. परवाना लागत नाही, पाहुण्यांनाही चालतं, माणशी दिवसाला पाच मासे. तारखा मत्स्यखातं दरवर्षी जाहीर करतं. कोणा स्थानिकाच्या बोटीतून बाबांना गळ टाकू द्या की!

निळीशाई

बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले गळ बिळ नको, बोटीच्या कमाईची वाटणी कशी करतात तेवढं विचारू द्या. ऑगस्टचा शेवट धरते मग. परतीचं विमान फेरीच्या दिवशीच संध्याकाळी मिळतंय, स्वस्तही आहे. घेऊ का?

उत्तरवारा

घेऊ नका. वारा वाढला की फेरी थांबते, कधी बोटच दुरुस्तीला जाते, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी बेट सोडा, रात्री गँडरला राहा. सकाळी निघण्याआधी प्रांताच्या फेरी सेवेची त्या दिवसाची स्थिती बघायची, छापील वेळापत्रकावर विसंबायचं नाही. घड्याळही जपा, तिकडची वेळ टोरांटोच्या दीड तास पुढे.

आणि फेअरवेल-गँडर रस्ता अंधार पडायच्या आत संपवा. १९०४ मध्ये आणून सोडलेल्या चार मूसची (धिप्पाड हरणं) आता लाखावर पिलावळ झालीय, आणि रात्री ती रस्त्यावरच उभी असते. शेवटची बोट सोडून त्याच्या आधीचीच धरा.