आईची त्वचा पावसाळ्यातपण कोरडीच, काय करावं?

जुनीमिल_सोलापूर:
आईचं वय 58. नडग्या, कोपर कायम कोरडे, नखाने ओरखडलं की पांढरी रेघ उठते. गड्ड्याच्या जत्रेत, जानेवारीच्या थंडीत, सगळ्यांचंच अंग उलतं ओ, पण हिला पावसाळ्यातपण आराम नाही, रात्री खाजवून खाजवून झोप मोडते. नळाला रोज पाणी नाही म्हणून अंघोळ बोअरच्या पाण्याने, आणि तिला ते कढतच लागतं. खोबरेल लावतो, थोड्या वेळात परत तसंच. कुठल्या डॉक्टरकडे न्यावं?

विजापूररोड:
आधी अंघोळ बदला. कढत पाणी आणि साबण त्वचेतली तेलं धुवून नेतात, मग आतला ओलावा टिकत नाही, त्यात आपल्याकडची सुकी हवा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर अंगावर बसतो त्याने खाज अजून वाढते. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं बास, साबण फक्त काखा, जांघा, पावलांना. टॉवेलने घासू नका, टिपा, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम किंवा तुमचं खोबरेल लावा, कारण तेल आहे तो ओलावा अडवतं, वाळलेल्या अंगावर अडवायला काय उरतं? 10 टक्के युरियाचं क्रीम जाड कातडीला चांगलं, पण भेगा असतील तिथे झोंबतं, तिथे साधी पेट्रोलियम जेली.

सुनबाई_अक्कलकोट:
दादा, काकूंचं थायरॉइड तपासलंय का? वर्षभर कोरडेपणा म्हणजे नुसतं हवेवर ढकलू नका. माझ्या सासूबाईंना थायरॉइड कमी निघालं, त्यांना थंडी वाजायची, पोट साफ व्हायचं नाही, केस गळायचे. शुगरपण बघा. सगळ्या अंगाला खाज असेल तर किडनी-लिव्हरची तपासणी पण डॉक्टर सांगतात. बोटांच्या बेचक्यात खाज आणि घरात अजून कुणाला असेल तर खरूज असू शकते, त्याचा इलाज वेगळा. स्किनवाल्यांनाच दाखवा, सिव्हिललापण ओपीडी आहे.

विजापूररोड:
हो, आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब परस्पर आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, खाज थांबते पण कातडी पातळ होत जाते आणि नायटा असला तर पसरतो.

जुनीमिल_सोलापूर:
थंडीचं वाचून चमकलोच, आई मे महिन्यातपण पंखा बंद करायला लावते. आम्हाला वाटायचं वयामुळे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घेतो, उपाशीपोटी लागतं का?

सुनबाई_अक्कलकोट:
टीएसएचला नाही लागत, पण शुगर सोबत करणार ना, मग सकाळी चहाच्या आधीच न्या. आणि क्रीम आजपासून चालू करा, रिपोर्टची वाट बघू नका.