भाकर सगळेच टाकतात, ऑपरेशनचं कोण बघणार?

प्रश्न (अंबाजोगाईहून): आमच्या कॉलनीत पाच-सहा कुत्री आहेत. सासूबाई रोज गेटपाशी शिळी भाकर कुस्करून घालतात. परवा शेजारच्या लेकराला एक चावलं आणि ग्रुपवर महाभारत सुरू झालं. निम्मे म्हणतात, गाडीत घालून परळी रोडला सोडून या. लेक म्हणते, तसं करता येत नाही, कायदा आहे. रविवारी मीटिंग आहे. काय बोलू?

उत्तर १: रात्री ड्युटीवरून येताना गाडीमागं टोळकं लागलं की सगळं प्राणीप्रेम उतरतं, ताई. खाऊ घालणाऱ्यांनी घरात न्यावीत की.

उत्तर २: मी उदगीरकडं जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. सुरुवातीला आमच्याकडं देवणी बैल, म्हशी, शेळ्या यायच्या. कुत्रं घेऊन कुणी आलं तर रांगेतली माणसं हसायची. नोकरीच्या शेवटी मात्र कॉलेजची पोरं बास्केटात मांजर घालून आणायला लागली. एक आडत दुकानदार तर बोक्याच्या पाठीवर हात फिरवत "दोन दिवस जेवला नाही हो" म्हणून डोळे पुसत होता.

आधी माया नव्हती असं नाही. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या नरसीचेच. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणून मारायचं कुणी धाडस करायचं नाही; पिल्लं पोत्यात भरून आठवडी बाजारात सोडायची. (पाप बाजाराच्या गावाला!) तुकडा टाकला की झालं, पुढं पिल्लावळ वाढली की पालिकेची माणसं विष घालायची आणि आपण दार लावून घ्यायचो. आताची पोरं निदान लस आणि नसबंदीचं ऑपरेशन विचारतात, हा फरक मला मोठा वाटतो.

तुमची लेक बरोबर आहे. भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारनं २०२३ला केलेल्या नियमांप्रमाणं कुत्रं पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि उचललं त्याच भागात सोडायचं. परळी रोडला नेलं तर मोकळ्या जागी बाजूची, बिगर-ऑपरेशनची कुत्री येऊन बसतात. मग पुन्हा पिल्लं. नोव्हेंबर २०२५ला सुप्रीम कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री पकडल्यावर परत तिथं सोडू नयेत असं सांगितलं, पण कॉलनी त्या यादीत नाही. पिसाळल्याची शंका असलेलं कुत्रं मात्र सोडायचं नसतं, ते लगेच कळवा.

सासूबाईंना सांगा, घाला, पण गेटपाशी नको. लेकरं खेळतात तिथं, जिन्यात, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. जागा आणि वेळ कॉलनीनं मिळून ठरवायची, हेही नियमातच आहे. वरच्या भाऊंचा रागही खोटा नाही. रात्री मागं लागणारी कुत्री ओळखून आधी त्यांचंच ऑपरेशन करायला लावा. नगर परिषदेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

लेकराची जखम धुतली का? साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, दंडात घेतात. पण मधला डोस चुकवू नका.

उत्तर ३ (परभणी): काका, आमच्या आईनं तापलेल्या मांजराला पॅरासिटामॉल दिली होती. ती चालते का?

उत्तर २: अजिबात नाही! मांजराला ते विष आहे, अर्धी गोळीही जीव घेते. तुमच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं आजच दाखवा.

प्रश्नकर्ती: लेकराचे दोन डोस झाले. सासूबाई पाण्याच्या टाकीमागं घालायला तयार आहेत, पण म्हणतात, "पकडायला येतील तेव्हा मला बोलवा, माझ्या हाताशिवाय ती येणार नाहीत." मीटिंगमध्ये या कामासाठी त्यांचंच नाव पुढं करते.