सर्कलची लिस्ट शेपच्या लिस्टच्या जागी का चालत नाही?

प्रश्न:
जावामध्ये ‘सर्कल’ आणि ‘स्क्वेअर’ हे क्लास मी ‘शेप’पासून तयार केले आहेत. क्षेत्रफळांची बेरीज करणाऱ्या मेथडचा पॅरामीटर ‘लिस्ट<शेप>’ आहे. तिला ‘लिस्ट<सर्कल>’ दिली की कंपायलर अडवतो, पॅरामीटर शेपचा अ‍ॅरे ठेवून सर्कलचा अ‍ॅरे दिला तर मात्र अडवत नाही. तूर्तास मी पॅरामीटर नुसता ‘लिस्ट’ ठेवून लूपमध्ये प्रत्येक घटक कास्ट केला आहे, म्हणजे तो शेप आहे असे कंपायलरला सांगितले आहे. असे करणे योग्य आहे का?

उत्तर १:
कंपायलरचे बरोबर आहे. प्रत्येक सर्कल हा शेप असला, तरी सर्कलची लिस्ट ही शेपची लिस्ट नव्हे, कारण शेपच्या लिस्टमध्ये स्क्वेअरही घालता येतो आणि तो तसा घातला गेला, तर मूळ लिस्ट केवळ सर्कलचीच आहे हा भरवसा उरत नाही. अ‍ॅरेमध्ये हीच चूक कंपाइल होते आणि प्रोग्राम चालू असताना ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ येते. आपली मेथड लिस्टमधून फक्त वाचते, म्हणून पॅरामीटर ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स शेप>’ असा लिहावा, म्हणजे शेपची किंवा त्यापासून तयार केलेल्या कोणत्याही क्लासची लिस्ट चालेल. मग कास्टचीही गरज राहणार नाही.

उत्तर २:
नुसती ‘लिस्ट’ कृपया ठेवू नका. अशाच एका मेथडमध्ये पुढे कोणीतरी स्क्वेअर घालणारी ओळ लिहिली होती. कंपायलरने ‘अनचेक्ड’ (टाइप तपासलेला नाही) अशी वॉर्निंग दिली, ती कोणी वाचली नाही, आणि ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ आले ते भलत्याच फाइलमध्ये, जिथे लिस्टमधला घटक सर्कल म्हणून बाहेर काढला जात होता. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत येणाऱ्या मेथड-कॉलच्या यादीत, मूळ ओळीचा मागमूसही नव्हता. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स (‘लिस्ट<सर्कल>’सारखे टाइप) आले, तेव्हा जुना कोड चालू राहावा म्हणून कंपाइल करताना टाइपची माहिती पुसण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे अ‍ॅरेला आपल्या घटकांचा टाइप प्रोग्राम चालू असतानाही ठाऊक असतो, लिस्टला तो नसतो. म्हणजे लिस्टच्या बाबतीत खरी राखण कंपायलरच करतो, आणि वॉर्निंगकडे डोळेझाक करणे म्हणजे ती राखण आपणच उठवणे होय.

प्रश्नकर्ता:
बदल केला, बेरीज नीट होते. पण लिस्टमध्ये नवा सर्कल घालणाऱ्या दुसऱ्या मेथडमध्ये हाच पॅरामीटर लिहिल्यावर ‘अ‍ॅड’ची ओळ कंपाइल होत नाही.

उत्तर १:
तिथे ‘लिस्ट<? सुपर सर्कल>’ लिहा. ‘एक्स्टेंड्स’ असताना ती लिस्ट स्क्वेअरचीही असू शकते, म्हणून कंपायलर तिच्यात सर्कल घालू देत नाही. ‘सुपर’ असताना ती सर्कलची, शेपची किंवा ऑब्जेक्टची असेल, आणि या तिन्हींत सर्कल निर्धोकपणे बसतो. मात्र त्यातून वाचलेला घटक केवळ ‘ऑब्जेक्ट’ म्हणूनच हाती येतो.